मार्चपासून पेटलेली शेगडी

धुराडं साफ करणारा माणूस सोमवारी सकाळी आठला येणार होता. शेगडी पूर्ण गार हवी, असं त्याने कळवलं होतं. बिडाची एवढी मोठी शेगडी आणि वर विटांचं धुराडं गार व्हायला अख्खी रात्र लागते. म्हणजे रविवारी दुपारनंतर तिच्यात लाकूड घालायचं नव्हतं.

रविवारी साडेबाराला इंगुन ब्रेक्केच्या, म्हणजे माहेरच्या शेतावरच्या घराच्या, अंगणात गाडीतून उतरली आणि तिने आधी वर पाहिलं. धूर येत होता. पिवळट, जाड, छपरावरून खाली घसरणारा. हवेची झडप बंद करून कोंडलेल्या आगीचा धूर.

तो माणूस मेमध्ये एकदा येऊन गेला होता. तिच्या वडिलांनी, एंब्रिकनी, त्याला दारातूनच परत पाठवलं. घरात माणूस गेलंय, म्हणाले, पुन्हा कधीतरी या. त्यावर तो काय बोलणार? सप्टेंबरमध्ये तो परत आला, तेव्हाही आग होती. मग पत्र आलं. तिसऱ्या खेपेलाही शेगडी पेटलेली असली तर ते धुराडं वापरायला बंदी येणार होती.

गुनवोर, इंगुनची आई, मार्चच्या नऊ तारखेला गेली. त्या रात्री एंब्रिकनी शेगडी भरली आणि तेव्हापासून ती विझली नव्हती. जूनमध्ये शेजारचे लोक उघड्या अंगाने गवत कापत होते, तेव्हाही ब्रेक्केच्या धुराड्यातून धूर निघत होता. लोक बघत होते. कोणी विचारलं नाही.

इंगुनने गाडीतून पातेलं काढलं. ऑक्टोबरातला रविवार म्हणजे मेंढीचं मटण, कोबी आणि काळी मिरी. ती सकाळी सहापासून शिजवत होती. तिचा नवरा पोल आला नव्हता. कोकरं न्यायला ट्रक येणार होता, त्या कामात तो होता. एका अर्थी बरं झालं, असं तिला वाटलं. पोल समोर असला की वडील गप्प बसायचे, आणि आज त्यांनी गप्प बसून चालणार नव्हतं.

आत तिचा थोरला भाऊ स्वेनुंग टेबलाशी बसला होता. तो स्टावांगरहून काल संध्याकाळी आला होता. तुरीद मावशी, आईची मोठी बहीण, बर्गनहून गाडीने आली होती आणि बटाटे सोलत होती. खोली इतकी तापली होती की स्वेनुंग सदऱ्याच्या बाह्या वर करून बसला होता.

"बाबा, लाकूड कधी घातलंत?" इंगुनने कोट काढायच्या आधी विचारलं.

"सकाळी."

"सकाळी किती वाजता?"

"तुला धुराडेवाल्यांनी नोकरीवर ठेवलंय का?" एंब्रिक म्हणाले. "बस. जेव आधी."

जेवताना कोणी तो विषय काढला नाही. मटण चांगलं झालंय, असं मावशी म्हणाली. मिरी जास्त झाली, असंही म्हणाली. एंब्रिकनी दोनदा वाढून घेतलं. त्यांना हल्ली असं जेवताना पाहिलं की इंगुनला बरं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची, की एकटे असताना ते काय खात असतील.

ताटं उचलल्यावर तिने पिशवीतून कागद काढले. एक करारपत्र होतं आणि तीन माहितीपत्रकं.

करारपत्रात नवीन काही नव्हतं. एक नोव्हेंबरपासून ब्रेक्के इंगुनच्या नावावर होणार होतं. पहिला हक्क थोरल्याचा, म्हणजे स्वेनुंगचा. त्याने तो सोडल्याची सही करायची जागा खाली रिकामी होती. एंब्रिक अंगणापलीकडच्या छोट्या घरात जाणार होते. प्रत्येक पिढीत तसंच झालं होतं. शेत सोपवायचं आणि अंगण ओलांडायचं. त्यांना तिथे मरेपर्यंत राहायचा हक्क, वर्षाला दोन मेंढ्या, बटाटे, आणि लाकूड. लाकडाचं कलम आजोबांच्या करारातून जसंच्या तसं घेतलं होतं: बर्चचं, सुकं, फोडलेलं, दारात टाकून नव्हे तर शेगडीपाशी आणून दिलेलं. एंब्रिकनी स्वतः बावीस वर्षं आपल्या आईवडिलांना तसं लाकूड नेऊन दिलं होतं, सणावारीसुद्धा.

अडचण एवढीच होती की छोट्या घरात शेगडी नव्हती. जुन्या शेगडीच्या पाठीला तडा गेला होता आणि ती काढून टाकावी लागली होती.

"गोल गावातल्या शेगड्यांच्या दुकानात जाऊन आले," इंगुन म्हणाली. "त्यांना घराची मापं दिली. ही बघा, ही बिडाची, लहान. त्या घराला हीच पुरेल म्हणतात. ही दुसरी संगजिऱ्याच्या दगडाची. नऊशे किलोची आहे, पण तिथली जमीन वजन घेते, मी विचारून घेतलं. आणि तिसरं ते यंत्र आहे, बाहेरची ऊब आत ओढून घेतं. ते स्वेनुंगने सांगितलं म्हणून आणलं. बटण दाबलं की झालं."

"फ्रीज उलटा लावायचा," एंब्रिक म्हणाले, "आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. छान."

स्वेनुंग हसला. "लाकूड तरी वाहावं लागणार नाही, बाबा."

"मी कुठे वाहणार आहे? कलम वाच. पोल वाहणार आहे." त्यांनी तिन्ही पत्रकं नीट एकावर एक ठेवली आणि इंगुनकडे सरकवली. "मला शेगडी नको. माझी आहे."

"कुठली?"

"ही." त्यांनी मान वळवली नाही. खोलीत शेगडी एकच होती. "ही मी नेणार. दोनशे किलो आहे. स्वेनुंग आहे, पोल आहे, ट्रॅक्टरचा पंजा आहे. अर्ध्या तासाचं काम."

इंगुनला हे कुठेतरी माहीत होतं. दुकानात त्या माणसाला तिने हा प्रश्न घाबरत घाबरत विचारलाही होता.

"नाही नेता येणार, बाबा."

"का?"

"नियम आहे. जुनी शेगडी आहे तिथे असली तर चालते. एकदा काढली की दुसरीकडे बसवता येत नाही. पंचवीस वर्षं झाली या नियमाला. नवीन बसवायची तर ती धूर जाळणारीच हवी."

"दुसरीकडे कुठे? तीस पावलं आहेत."

"तीन असली तरी."

"कोण येतंय मोजायला?"

"धुराडेवाला येतोय. उद्या. आठ वाजता."

एंब्रिक उठले. शेगडीच्या झडपेला हात लावून ती पुरती बंद आहे ना, ते त्यांनी पाहिलं. मग पुन्हा येऊन बसले.

"मग मी पण इथेच बरा," ते म्हणाले.

*

स्वेनुंग या वाक्याची वाट पाहत होता, हे त्याचं त्यालाच ते वाक्य ऐकल्यावर कळलं.

ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने त्याचा सगळा विभाग बंद केला होता. एकोणीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींच्या पंपांचं काम केलेला माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी घरी बसला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी गाडी वळणावर आली आणि ब्रेक्केचं कुरण दिसलं, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की अजून सही केलेली नाही.

"मला वाटतं बाबांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "एवढी घाई कशाला? ही शेगडी जागेवर राहिली तर कायद्याने चालते, तूच म्हणालीस. बाबांना वसंतापर्यंत इथे राहू दे. आईला जाऊन सात महिने झालेत फक्त. एक हिवाळा तरी जाऊ दे."

एंब्रिकनी त्याच्याकडे पाहिलं. इतकं मऊ ते त्याच्याकडे पूर्वी कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि तरी तो बोलत राहिला. "आणि इंगुन, तू आहेसच की खाली गावात. अठरा किलोमीटर. रोज येतेसच."

"पंधरा नोव्हेंबरला ते घर सोडायचंय," इंगुन म्हणाली. "घरमालकाची मुलगी येतेय राहायला. तुला माहीत आहे हे. मी तुला फोनवर सांगितलंय."

"दुसरं बघता येईल."

"एप्रिलमध्ये दोनशे चाळीस मेंढ्या विणार आहेत. गेल्या वर्षी मी तीन आठवडे गोठ्याबाहेर गाडीत झोपले. आई होती तेव्हा रात्री दोनला ती कॉफी घेऊन यायची. या खेपेला कोण येणार? तू येणार आहेस स्टावांगरहून?"

"येऊ शकेन कदाचित."

तो हे जरा जास्तच पटकन बोलला. इंगुनने त्याच्याकडे नीट पाहिलं. ती लहानपणापासून अशी बघायची. पत्ते खेळतानासुद्धा.

"बाबा," ती म्हणाली, पण नजर भावावरच होती, "तुम्ही शब्द दिलाय. तुम्ही आणि आईने दिलाय. दोघांनी."

"दोघांनी दिला होता," एंब्रिक म्हणाले. "दोघं जाणार होतो. आता दोघं नाहीत."

इंगुनने करारपत्राची कड बोटाने सरळ केली. स्वेनुंगला कळलं की आपण जिंकतोय. बाबा आणि तो एका बाजूला, ती एकटी एका बाजूला. असं या टेबलावर कधी झालं नव्हतं. लहानपणी बाबांच्या बाजूला नेहमी इंगुन असायची.

एंब्रिक पुन्हा उठले. लाकडाच्या पेटीतून त्यांनी एक ओंडका काढला, शेगडीचं दार उघडलं. आत निखारे लाल होते.

"बाबा, घालू नका," इंगुन म्हणाली. "आज घातलंत तर उद्या तो परत जाईल, आणि मग हे धुराडंच बंद होईल. मग ना तुम्हाला घर, ना मला."

"एकाने काय होतंय."

त्यांनी ओंडका आत ठेवला.

*

तुरीदने हातातला कपबशांचा ढीग खाली ठेवला. आल्यापासून ती या विषयावर बोलली नव्हती. हे तिचं घर नव्हतं, ही तिची मुलं नव्हती. गुनवोर गेल्यावर ती ठरवूनच गप्प राहिली होती. मेलेल्या माणसाच्या वतीने बोलणारे लोक तिला आवडत नसत. पण त्या एका ओंडक्याने ती उठून उभी राहिली.

"एंब्रिक," ती म्हणाली, "गुनवोर दर फेब्रुवारीत माझ्याकडे का यायची?"

"तुला भेटायला."

"मला? दुसऱ्या दिवशी आम्ही भांडायचो. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणायचे, बाई, तुझी गाडी कधी आहे. तरी पंधरा दिवस राहायची ती."

"हवापालट म्हणून. समुद्र बघायला."

"फेब्रुवारीत? बर्गनमध्ये? पावसात?" तुरीदने पुसणं खांद्यावर टाकलं. "ती झोपायला यायची. मागच्या खोलीत खिडकी सताड उघडी टाकायची आणि दोन गोधड्यांत झोपायची. मी म्हणायचे, गारठून मरशील. ती म्हणायची, मरू दे, पण खिडकी लावू नकोस. आणि माझ्याकडे ती रात्रीची खोकत नव्हती. पहिल्या दोन रात्री खोकायची. मग नाही."

शेगडीत नवीन ओंडक्याची साल पेटली.

"डॉक्टर गवताच्या धुळीचं म्हणाले होते," एंब्रिक म्हणाले.

"म्हणाले होते. मला डॉक्टरकी येत नाही. कशाने झालं ते मी सांगत नाहीये. ती कुठे खोकायची आणि कुठे नाही, एवढंच सांगतेय. ही झडप तू रोज रात्री लावायचास. धूर वर जाणार कसा? थोडा खोलीतच राहायचा. मी इथे चार दिवस राहिले की माझ्या केसांना वास येतो, घरी जाऊन धुवावे लागतात."

"मावशी, पुरे," इंगुन म्हणाली.

"तूच आल्यापासून हेच तर सांगतेयस."

"मी धुराड्याचं सांगत होते. हे नाही. त्यांच्याशी असं बोलू नकोस."

तुरीदला वाटलं होतं, निदान ही तरी आपल्या बाजूने असेल. पण इंगुन खुर्ची मागे सारून वडिलांच्या आणि तिच्या मधे उभी राहिली होती. तुरीदला राग आला नाही. गुनवोरही अशीच मधे उभी राहायची.

"तिने मला का नाही सांगितलं?" एंब्रिकनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीचाच होता.

"विचारलं होतं मी तिला. एकदा नाही, दहादा." तुरीद थांबली. पुढचं बोलावं की नाही, याचा तिने विचार केला. पण इतकं बोलून झाल्यावर थांबणं बरं दिसलं नसतं. "म्हणाली, रोज सकाळी तो मला बोलावतो. गुनवोर, ये, निखारे आहेत बघ, म्हणतो. बेचाळीस वर्षं रोज बोलावतो. आता त्याला काय सांगू, म्हणाली."

एंब्रिकनी मान हलवली, दुकानात भाव ऐकून हलवतात तशी. मग दारामागचा जाड सदरा घेतला आणि बाहेर गेले. दार त्यांनी हळू लावलं.

*

"जा त्यांच्यामागे," स्वेनुंग म्हणाला.

"तू जा," इंगुन म्हणाली. "आज तुझी आणि त्यांची दोस्ती आहे."

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. खिडकीतून दिसत होतं, वडील लाकडांच्या शेडमध्ये शिरले.

"काय झालंय तुला?" इंगुनने विचारलं. "खरं सांग. वसंतात काय होणार आहे?"

स्वेनुंगने टेबलावरच्या पत्रकांतलं ते यंत्राचं पत्रक उचललं आणि त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये."

इंगुन त्याच्यासमोर बसली.

"मग ते बोल ना," ती म्हणाली. "ते तू मला बोलू शकतोस. पण बाबांच्या शेगडीआड लपू नकोस. तू त्यांना इथे ठेवणार, त्या धुरात, एकटं, म्हणजे तुला विचार करायला वेळ मिळेल?"

"मी तसा विचार केला नव्हता."

"केलास."

"थोडा केला," तो म्हणाला.

"तुला मेंढ्या पाळायच्या आहेत?"

"नाही."

"कधी पाळायच्या होत्या?"

"मला त्यांचा वास सहन होत नाही, तुला माहीत आहे."

तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं नाही. त्यालाही थोडं आलं. "वरची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "तू ये. महिनाभर राहा, सहा महिने राहा. पोलला कुंपणाच्या कामाला माणूस हवाच आहे. पण माझ्या घरी ये. हे घर कोणाचं ते आधी ठरू दे."

करारपत्र त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. पेन त्यावरच होतं.

*

शेडमध्ये बर्चचा वास होता. या वर्षीचं लाकूड डावीकडे, गेल्या वर्षीचं उजवीकडे. उजवीकडची रास गुनवोरने लावली होती. ती साल वरच्या बाजूला ठेवायची. एंब्रिक साल खाली ठेवायचा. त्यावरून दर वर्षी दोघांत बोलाचाली व्हायची.

तो ओंडका फोडायच्या ठोकळ्यावर बसला. कुऱ्हाड बाजूला होती. त्याने ती उचलली नाही.

तिने ही शेगडी मागितली नव्हती. हे त्याला आठवलं. पहिल्या हिवाळ्यात स्वेनुंग तीन आठवड्यांचा होता. उणे अठ्ठावीस होतं, आणि पहाटे उठला तेव्हा गुनवोर मुलाला कोटाच्या आत घेऊन रडत बसलेली त्याला दिसली. ती काही बोलली नाही. तो त्याच आठवड्यात खाली जाऊन सगळ्यात मोठी शेगडी घेऊन आला. दुकानातला माणूस म्हणाला होता, तुमच्या खोलीला ही मोठी पडेल. तो म्हणाला, मोठीच दे. आणि मोठी असल्यामुळेच ती कोंडावी लागायची. पुरी हवा दिली तर खोलीत बसवत नसे. म्हणून झडप लावायची, रात्रभर धुमसू द्यायची, सकाळी निखारे तयार. त्याच्या बायकोला पुन्हा कधी गार घरात उठावं लागलं नाही. हे तो लोकांना सांगायचा. लग्नसमारंभात, सहकारी दुकानात, कुठेही.

तिचा खोकला त्याला ऐकू यायचा का? यायचा. तो बाजूलाच झोपायचा. शेवटची आठ-दहा वर्षं रोज ऐकू यायचा.

ती खोकली की तो उठायचा. तिला थंडी वाजत असेल असं त्याला वाटायचं. तो अंधारात खाली यायचा आणि शेगडीत आणखी एक ओंडका घालायचा. मग झडप लावायचा.

गवताच्या धुळीनेही झालं असेल. डॉक्टर शिकलेला माणूस होता. कोणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि आता कळणारही नव्हतं. हे त्याने स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. ते खरंही होतं. त्याने काही फरक पडला नाही.

बाहेर खालच्या रस्त्यावरून तो कोकरांचा ट्रक गेला. कोकरं ओरडत होती. एंब्रिक उठला. सवयीने त्याने उजव्या राशीतून चार ओंडके डाव्या हातावर घेतले. पाचवा उचलला. मग ते सगळे एकेक करून परत जागेवर ठेवले. साल वर.

*

एंब्रिक आत आले तेव्हा इंगुनने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. शेडमधून ते रिकाम्या हातांनी आलेले तिने आयुष्यात पाहिले नव्हते.

एंब्रिक टेबलाशी बसले. खिशातून चष्मा काढला. पत्रकं ओढून घेतली आणि पहिल्यापासून वाचायला लागले. यंत्राचं पत्रक त्यांनी वाचलं नाही.

"यातली कुठली कोंडता येत नाही?" त्यांनी विचारलं.

"कुठलीच कोंडायची नसते आता," इंगुन म्हणाली. "पण ही बिडाची तुम्ही कोंडालच. हात जाईल तुमचा."

"जाईल. आणि दगडाची?"

"ती कोंडली तर तापतच नाही. दिवसातून एकदा भरायची, पुरी हवा द्यायची. दीड-दोन तास जोरात जळते. मग विझते. दगड तापलेला राहतो, दुसऱ्या दिवसापर्यंत."

"विझते म्हणजे पुरी विझते?"

"पुरी."

"सकाळी निखारे?"

"नसतात, बाबा. राख असते."

त्यांनी चष्मा काढून पत्रकावर ठेवला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. तुरीद दारात येऊन उभी राहिली, पण आत आली नाही.

"ती सांग," एंब्रिक म्हणाले. "दगडाची. उद्याच फोन कर. आणि लाकडाचं कलम बदला. एवढं लागणार नाही. अर्धं पुरे."

"अर्धं नको, पाऊण राहू दे," इंगुन म्हणाली. "जानेवारी आहे, फेब्रुवारी आहे."

"पाऊण. पोल काही म्हणणार नाही?"

"पोल म्हणेल, चला, सुटलो."

एंब्रिकनी शेगडीकडे पाहिलं. दुपारी घातलेला ओंडका अर्धा जळला होता. ते उठले आणि झडपेला हात घातला.

"एकदम उघडू नका," इंगुन पटकन म्हणाली. "धुराड्यात सात महिन्यांचं डांबर बसलंय. ज्वाळा वर गेली तर धुराडंच पेटेल."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी लहान नाही." त्यांनी झडप बोटभर उघडली. बस, तेवढीच. आग थोडी जागी झाली, धूर वर ओढला गेला. "अशीच राहू दे. स्वतःच जाईल."

स्वेनुंगने करारपत्र जवळ ओढलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि कागद बहिणीकडे नाही, वडिलांकडे सरकवला. एंब्रिकनी सही पाहिली. मग मुलाकडे पाहिलं.

"तुझी नोकरी गेलीय का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आज रात्री परत जायचं नाही म्हणालास. तू कधी सोमवारपर्यंत राहिला नाहीस." त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःची सही केली. त्यांना वेळ लागला. त्यांचं अक्षर मोठं होतं. "आता राहशील तितकं राहा. बहिणीला विचारून."

मग करायला काही उरलं नाही. इंगुनला मेंढ्या बघायला जायचं होतं, पण ती गेली नाही. पोलला तिने फोन करून सांगितलं, उशीर होईल. का, ते सांगितलं नाही. तुरीदने कॉफी आणली. ती एंब्रिकना कप देताना थांबली.

"मी बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"ती होती तेव्हा बोलायला हवं होतंस," एंब्रिक म्हणाले. "बस."

ती बसली. चौघं शेगडीकडे तोंड करून बसले. बाहेर अंधार पडायला लागला. दिवा कोणी लावला नाही, निखाऱ्यांचा उजेड पुरत होता. मग तोही कमी झाला. बीड गार होताना आवाज करतं, टक्, मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. प्रत्येक आवाजाला एंब्रिक मान वर करायचे. एकदा ते अर्धवट उठले, लाकडाच्या पेटीकडे. ते परत बसले.

दहाच्या पुढे खोलीतली हवा बदलली. स्वेनुंगने बाह्या खाली केल्या. इंगुनने सगळ्यांचे कोट आणले आणि ते त्यांनी बसल्याबसल्याच अंगावर घेतले.

एंब्रिक उठून शेगडीपाशी गेले. दार उघडून आत पाहिलं. बंद केलं. मग उजवा पंजा शेगडीच्या पाठीवर ठेवला, आधी बोटांची टोकं, मग पूर्ण.

"हात ठेवता येतोय," ते म्हणाले.

इंगुन उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली. बीड अजून कोमट होतं. त्यांनी हात काढला नाही. ते गार होईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.